पन्नासावी टिंग

निवृत्तीनंतर मी सात वर्षं मरण्याची नोकरी केली. सोमवार ते शुक्रवार, दहा ते पाच, मधे जेवणाची सुट्टी. कड्यावरून पडून मेले, लाव्हारसात मेले, एकदा तर बदकांनी टोचून मारलं. एका खेळात वीस वेगवेगळ्या तऱ्हांनी मरून दाखवल्यावरच बक्षीस होतं. एकोणीस झाल्या आणि विसावी काही केल्या सापडेना, तेव्हा आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "स्वल्प थांब. आधी जेवायला वाढ, मग मर."

कानडी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंनी "कामाच्या आठवणी लिहा" म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात माझी पहिली नोकरी असणार. एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं सहायक होते. त्या एकतीस वर्षांत एकही विद्यार्थी भाजला नाही, त्यामुळे लिहिण्यासारखं काही घडलं नाही. जे घडलं ते नंतर, व्हिडिओ गेममध्ये.

ज्यांच्या घरी हे खूळ पोचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टीव्हीला एक पेटी जोडतात, तिला कन्सोल म्हणतात. दोन्ही हातांत धरायचा एक कंट्रोलर असतो. त्याला बटणं असतात आणि दोन अंगठ्यांखाली दोन आखूड दांड्या. दांडी ढकलली की पडद्यावरचा माणूस चालतो. खेळ संपवणं हे एक काम झालं. पण त्याशिवाय खेळात चाळीस-पन्नास लहान बक्षिसं ठेवलेली असतात. शंभर पिसं गोळा करा, एकही फटका न खाता राक्षसाला हरवा, एका दिवसात सगळ्या गावाला नमस्कार करा. जमलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टी येते आणि ‘टिंग’ असा आवाज होतो. याला अचीव्हमेंट म्हणतात. त्यातून मिळतं काय, तर टिंग मिळते. तेवढ्यासाठी चांगले शिकलेसवरलेले लोक कामावरून घरी येऊन तीन-तीन तास पिसं वेचतात. शंभरावं पीस सापडलं नाही की ते आमच्याकडे येत. आम्ही म्हणजे गाईड लिहिणारे. कुठली अचीव्हमेंट कशी मिळवायची, याची कृती आम्ही लिहून देत असू.

मी यात कशी पडले, तर मृण्मयीमुळे. ही पुण्याची मुलगी जयनगरला आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची आणि हेब्बाळला एका गाईडवाल्या कंपनीत नोकरी करायची. एकदा तिने कौतुकाने आपलं गाईड मला दाखवलं. त्यात लिहिलं होतं, गुहेत जा, पूल ओलांडा, मग ड्रॅगनला हँडल करा. मी म्हटलं, "ही काय कृती झाली? हँडल करा म्हणजे काय करा? पूल डाव्या बाजूने ओलांडायचा की उजव्या? विद्यार्थी भाजतील अशाने." मग तिच्या समोर बसून प्रयोगवहीत लिहितात तसं सगळं नीट लिहून काढलं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, दक्षता. ड्रॅगनच्या दक्षतेतच सात कलमं झाली.

मृण्मयी वाचून म्हणाली, "काकू, तुम्ही आमच्याकडे जॉइनच का नाही होत? सीरियसली. तुमचं डोकं एकदम टेस्टरचं आहे."

मला आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात घरी कन्सोल आला. ऑफिसातले सगळे मला अक्का म्हणू लागले आणि माझ्या प्रत्येक गाईडच्या शेवटी एक ओळ छापली जाऊ लागली. ती इंग्रजीत असे, अर्थ एवढाच की ‘स्वतः करून पाहिलं आहे’. ही ओळ फक्त माझ्या गाईडांखाली असायची. इतर लेखक एकमेकांचं बघून उतरवत. मी करून पाहिल्याशिवाय स्वल्पविरामसुद्धा टाकत नसे. मला त्या ओळीचा अभिमान होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

या धंद्यातल्या खुब्या आता सांगायला हरकत नाही. पहिली म्हणजे प्रत्येक अध्यायाच्या आरंभी खेळ वेगळा साठवून ठेवावा. काही अचीव्हमेंटी एकदा हुकल्या की हुकल्याच. मग पहिल्यापासून वीस तास पुन्हा खेळत बसावं लागतं. शेवटी खेळ बनवणाऱ्यांच्या नावांची लांबलचक यादी येते ती बघत बसावी, कारण काही खेळ ती संपल्यावरच टिंग करतात. गोळा करायच्या वस्तूंची खूण कागदावर करावी, आठवणीच्या भरवशावर राहू नये. आणि खूप चालायचं असेल तर कढीपत्त्याच्या जुडीचं रबर जपून ठेवावं.

ही रबराची खुबी माझी स्वतःची, असं मला वाटायचं. जगभर ती कितीतरी लोक वापरतात, हे मागाहून कळलं. एका खेळात शंभर मैल चालायचं होतं. मी घोड्याला गोल मैदानात उभं केलं, दांडी रबराने एका बाजूला बांधून टाकली आणि बाजारात गेले. भाजी झाली, बँक झाली, वाटेत एक ओळखीची भेटली, तिच्याकडे कॉफी झाली. परत आले तर घोडा इमानदारीत गोल फिरत होता आणि आमचे हे त्याच्याकडे टक लावून बसले होते. म्हणाले, "बिचाऱ्याला पाणी तरी दाव."

यांनीच पुढे एक अचीव्हमेंट घालवली. खेळातल्या साधूने देवळाच्या पायरीवर दहा मिनिटं काहीही न करता बसायचं, एवढंच होतं. ऑफिसातल्या एकालाही ते जमलं नव्हतं. दीड मिनिटात कुणाचा ना कुणाचा अंगठा वळवळे. मी कंट्रोलर टीपॉयवर ठेवला आणि कुकर लावायला गेले. साडेनऊ मिनिटं झाली असतील. यांनी बातम्या लावायच्या म्हणून तो कंट्रोलर उचलला आणि रिमोट समजून दाबला. माझ्या साधूने पायरीवरून टुणकन उडी मारली आणि शेजारच्या पुजाऱ्याला गुद्दा हाणला. त्या गाईडच्या दक्षतेत मी लिहिलं, "घरातल्या मंडळींना आधी कल्पना द्यावी."

गिऱ्हाइकंही एकेक नमुने असत. गाईड वाचून शंका उरली तर लेखकाला पत्र लिहायची सोय होती. एका शाकाहारी गृहस्थांनी विचारलं की पंचवीस कोंबड्या मारण्याची अचीव्हमेंट कोंबड्या न मारता मिळेल का. मी चार दिवस प्रयोग केले. रानातल्या लांडग्याला हुलकावण्या देत खुराड्यापर्यंत आणलं तर तो कोंबड्या मारतो आणि टिंग आपल्याला मिळते. तसं कळवलं. दोन दिवसांनी त्यांचं उत्तर आलं, "विचार केला. लांडग्याला बोलावून आणलं तर ते माझ्याच खात्यावर पडणार. राहू दे." ते गृहस्थ अजून अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर आहेत. मला त्यांच्याविषयी फार आदर आहे.

पण खरी गोष्ट नागराजची आहे.

नागराज आनेकलचा. पंख्याची पाती करणाऱ्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला. वय चाळिशीच्या आत-बाहेर. एक खेळ पूर्ण शंभर टक्के केल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, असा त्याचा नेम. माझ्या गाईडवरून त्याने तीन खेळ पुरे केले, तेव्हा जयनगरला खरेदीसाठी आला असताना पत्ता विचारून मुद्दाम आभार मानायला घरी आला. सोबत बायकोने केलेल्या कोडबळ्यांचा डबा होता. कोडबळं म्हणजे आपल्या कडबोळ्याची कानडी बहीण. झाकणावर ‘मंजुळा’ असं नाव कोरलेला, जड स्टीलचा डबा. तो माझ्याशी कानडीत बोले, मी इथे मराठीत सांगते आहे.

"अक्का," तो म्हणाला, "बाकीच्यांची गाईडं वाचून मी फसलोय. तुम्ही करून बघता, म्हणून तुमच्यावर विश्वास."

त्या दिवशी मी जमिनीपासून दोन इंच वर चालत होते.

पुढच्याच महिन्यात एका डोंगराळ गावातल्या पोस्टमनचा खेळ आला. मारामारी नाही, फक्त पत्रं वाटायची आणि लोकांशी बोलायचं. पन्नास अचीव्हमेंटी होत्या. शेवटचीचं नाव होतं ‘गुड नेबर’. ती कशी मिळवायची हे गुप्त होतं, वर्णनाच्या जागी नुसती तीन टिंबं. ऑफिसातले तीन लेखक हात टेकून बसले होते. मला ती पहिल्याच फेरीत मिळाली. दुसऱ्या अध्यायात पवनचक्कीवाली बाई आपल्याला भांडंभर सूप देते. सहाव्या अध्यायात तिचं भांडं तिला परत दिलं की टिंग. मी गाईडमध्ये तसंच लिहिलं, "पवनचक्कीवालीचं भांडं तिला परत द्या." खाली माझी ओळ छापली. बाकीच्या कंपन्यांनी ते दोन दिवसांत उतरवूनही घेतलं.

आठवड्याभरात पत्रं यायला लागली. भांडं दिलं, टिंग नाही. सकाळी दिलं, पावसात दिलं, टोपी काढून दिलं, टिंग नाही. नागराजचंही पत्र आलं, पहिलं फार मऊ. "अक्का, माझंच काही चुकत असेल." मी माझा सहाव्या अध्यायाचा साठवलेला खेळ उघडला, भांडं दिलं. टिंग. पुन्हा उघडला, पुन्हा दिलं. टिंग. मी त्याला कळवलं की मिळते आहे, नीट बघ.

मग मृण्मयी वरून आपला कन्सोल घेऊन आली आणि माझं गाईड शब्दाशब्दाने पाळून खेळली. टिंग नाही. माझ्या कन्सोलवर माझा सहावा अध्याय उघडून मी दिलं तर टिंग. आम्ही दोघींनी भाषा बदलून पाहिली, खेळाची अवघड-सोपी पातळी बदलून पाहिली, कंट्रोलरसुद्धा बदलले. आमचे हे म्हणाले, "ती पवनचक्कीवाली तुझ्याच वयाची दिसते. तिचा तुझ्यावर लोभ असेल." दुसरं कुठलंच कारण सापडत नव्हतं, त्यामुळे मी क्षणभर त्याचाही विचार केला.

हेब्बाळच्या मॅनेजरांचा फोन आला. अतिशय सभ्य माणूस, पण त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्तच सभ्य होता. "अक्का, शुक्रवारपर्यंत चूक सापडली नाही तर गाईड काढून टाकावं लागेल. आणि ती खालची ओळही. मग पुढची गाईडं सॉफ्टवेअरकडून लिहून घेऊ म्हणताहेत." ओळ जाणार म्हणजे मी जाणार, हे मला कळत होतं.

त्याच दिवशी नागराजचं शेवटचं पत्र आलं. दोनच वाक्यं होती. "अक्का, चौतीस वेळा करून पाहिलं. मला वाटतं तुम्ही ह्या वेळी करून पाहिलेलं नाही, कुठून तरी उतरवलंय."

मला रडू आलं. एकतीस वर्षांत कुण्या प्राचार्याच्या बोलण्याने आलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी मृण्मयी आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली होती आणि मी आता पुन्हा पहिल्या अध्यायापासून खेळायच्या तयारीत होते. तिची नजर फडताळाकडे गेली.

"काकू, हा डबा कुणाचा? दोन महिने बघतेय, इथेच आहे."

"नागराजच्या बायकोचा. परत द्यायचा राहिलाय." आता काय तोंडाने देणार, असं मनात आलं.

"मग कुरिअर करू या ना. मी उद्या करते. धुतलेला आहे ना?"

"अय्यो, धुतलेला आहे गं. पण रिकामा कसा देऊ? तेच तर दोन महिने ठरत नाहीये. इतकी सुरेख कोडबळी करणाऱ्या बाईला माझ्या चकल्या पाठवायच्या म्हणजे लाज वाटते."

"हो, आई पण रिकामा नाही देत. काही नसलं तर चमचाभर साखर तरी घालते," असं म्हणत मृण्मयीने पुन्हा लॅपटॉपवर बोटं ठेवली. मग ती उचलली. मग हळूच विचारलं, "काकू, त्या पवनचक्कीवालीचं भांडं तुम्ही कसं परत दिलंत?"

"कसं म्हणजे? हातात दिलं."

"रिकामं?"

"रिकामं कशाला देईन? सफरचंदं घातली होती."

"कधी?"

"दुसऱ्या अध्यायातच. सूप संपल्यावर वाटेत ती बाग लागते ना, तिथे. मागाहून विसरायला होतं."

मृण्मयीने लॅपटॉप मिटला. "आणि हे गाईडमध्ये कुठे लिहिलंय?"

"ते काय लिहायचं असतं?" मी म्हटलं.

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मी कंट्रोलर खाली ठेवला. आम्ही दरवेळी माझा सहावा अध्याय उघडत होतो आणि त्यातलं भांडं आधीच भरलेलं होतं, म्हणून मृण्मयीला कधी काही दिसलं नाही. एकतीस वर्षं मी मुलांच्या प्रयोगवह्या ‘परीक्षानळी धुऊन घ्या हे का लिहिलं नाही’ म्हणून परत केल्या होत्या. ती मुलं म्हणायची, मॅडम, ते काय लिहायचं असतं? आणि मी त्यांना लाल शाईत लिहून द्यायची, ‘सगळं लिहायचं असतं’.

हा खेळ करणारा माणूस कुठल्या देशातला, मला माहीत नाही. त्याच्या आईनेही त्याला शेजारणीकडे रिकामं भांडं घेऊन जाऊ दिलं नसणार. पोराने ते लक्षात ठेवलं आणि खेळात लपवून ठेवलं. मी ते ओळखलंसुद्धा नाही, सरळ करून मोकळी झाले.

संध्याकाळी पाचच्या आत गाईडमध्ये एक ओळ वाढली, "भांड्यात काहीतरी घाला. रिकामं देऊ नका." मॅनेजर म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, "सरी," म्हणजे कानडीत ‘बरोबर’, "एवढंच." खालची ओळ शाबूत राहिली. नागराजला मात्र मी पत्र लिहिलं नाही. रविवारी त्याला सुट्टी असते, हे मला ठाऊक होतं. त्याला फक्त फोन केला की घरी येते. चकल्यांचा नाद सोडून गुळपापडीच्या वड्या केल्या, मंजुळाच्या डब्यात भरल्या आणि आनेकलची बस धरली.

नागराजने दार उघडलं आणि तो ओशाळला. मीही ओशाळले. मंजुळा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ही बाई नवऱ्याच्या खेळाकडे कधी ढुंकून बघत नाही, हे त्यानेच मला सांगितलं होतं. डबा मी तिच्या हातात दिला आणि नागराजला म्हटलं, "सहावा अध्याय उघड. गाईडमध्ये सांगितल्याप्रमाणे वेगळा साठवलायस ना?" साठवला होता. "आता भांडं उघड आणि त्यात काहीतरी घाल."

पोस्टमनच्या पिशवीत लोकर होती, मासा होता, मेणबत्ती होती. दांडी मागे-पुढे करत नागराज विचार करू लागला.

"मासा नको," मागून मंजुळा म्हणाली. "भांड्याला वास लागेल. बाहेर ते झाड दिसतंय, त्याची सफरचंदं तोडा की." मग तिने विचारलं, "आतापर्यंत काय घालत होतात?"

"काही नाही," नागराज म्हणाला.

"रिकामं?"

"गाईडमध्ये लिहिलं नव्हतं," तो माझ्याकडे बघत म्हणाला.

"चौतीस वेळा त्या बाईच्या दारात रिकामं भांडं घेऊन गेलात? पुस्तकात लिहिलं नव्हतं म्हणून?" मंजुळा म्हणाली. "मला एकदा विचारलं असतं तर इतके दिवस वाचले असते. अक्कांनी लिहिलं नाही ते बरोबरच आहे. हे काय लिहायचं असतं?"

जगात माझ्या बाजूने बोलणारं कुणीतरी निघालं, ते इथे. नागराजने मान खाली घालून सफरचंदं तोडली, भांड्यात घातली आणि पवनचक्कीवालीच्या दारावर टकटक केलं. बाईने झाकण उघडून बघितलं, हसली. टिंग. पन्नासपैकी पन्नास. नागराजने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि डोळे पुसले. मग माझ्या पाया पडायला वाकला, त्याला मी अर्ध्यात धरला. "उतरवलंय म्हणालो, अक्का," तो म्हणाला. मी म्हटलं, "चुकलं माझंच होतं."

त्यानंतर वर्षभरात गाईडांचा विभाग बंदच झाला. आता सॉफ्टवेअर लिहितं. मध्ये सहज त्या पोस्टमनच्या खेळाचं नवं गाईड उघडून पाहिलं. त्यात होतं, "पवनचक्कीवालीचं भांडं तिला परत द्या." माझंच वाक्य, जुनं, चुकलेलं. तीनदा कळवलं, उत्तर नाही. वाईट वाटतं. कुठेतरी कुणी पस्तिसाव्यांदा तिच्या दारात रिकामं भांडं घेऊन उभा असेल, आणि ‘हे खोटं आहे’ असं पत्र लिहावं तर ते वाचायला पलीकडे कुणी माणूसच नाही.

त्या रविवारी मी निघाले तेव्हा मंजुळाने डबा आणून माझ्या हातात ठेवला. धुतलेला, पुसलेला, आणि परत जड. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "अक्का, ह्या वेळी दोन महिने ठेवू नका."

ठेवत नाही. हे लिहिते आहे तेव्हा डबा माझ्याकडे आहे, आणि मी बेसन भाजायला घेतलं आहे.